व्यायामाच्या नोंदी आणि प्रत्यक्ष व्यायाम

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या विषयावर माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु माहिती अधिकारी या नात्याने आकड्यांशी माझा रोजचा संबंध येतो, आणि आजच्या विषयातील आकड्यांनी मी एकदा दुसऱ्याला फसविले आहे.

काही वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो, सुरू झाले. दर आठवड्याला मी नेमाने जात असे. घरी करावयाचे व्यायाम मात्र दौऱ्यांमुळे राहून जात. त्यांच्या नोंदीचा तक्ता मी दवाखान्याच्या बाकावर बसून एका दमात भरून टाकीत असे. तिसऱ्या खेपेस उपचारतज्ज्ञ बाईंनी तक्ता बाजूला ठेवला व म्हणाल्या, "साहेब, यातला दुसरा व्यायाम जरा करून दाखवता का?" मला तो आठवेना.

हे केवळ माझेच झाले असे नाही. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दीर्घकालीन वेदना असलेल्या ८० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्म्यांना वेदनेच्या नोंदीसाठी कागदी वही दिली होती. वही केव्हा उघडली जाते हे टिपणारी प्रकाशसंवेदी योजना तिच्यात बसविलेली होती. रुग्णांच्या लेखी नोंदींनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी ११ टक्के होत्या. ती वही वेदनेची होती, व्यायामाची नव्हे. पण हात आणि मन तेच!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ उपचारांचे पालन सरासरी ५० टक्केच होते. त्या अहवालातील व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रुग्णाचे वागणे उपचारकाशी सहमतीने ठरलेल्या सूचनांशी किती जुळते, ते उपचारपालन. सहमतीने, हा शब्द महत्त्वाचा. ऐन पेरणीत दिवसातून तीनदा जमिनीवर पडून व्यायाम करावयास सांगितला आणि शेतकऱ्याने मान डोलावली, तर ती सहमती नव्हे.

मोजण्याच्या रीती अनेक आहेत. हजेरी मोजणे सर्वांत सोपे. अहवालात 'शंभर टक्के उपस्थिती' छापताना आम्हांलाही समाधान वाटते! परंतु पक्षाघाताचा किंवा गुडघेदुखीचा रुग्ण केंद्रात तासभर असतो आणि उरलेला आठवडा घरी. खेळाडूंच्या दुखापतींसाठी २००० साली तयार झालेल्या एका मापनात उपचारतज्ज्ञच तीन बाबींना १ ते ५ गुण देतात : रुग्ण किती जोर लावून व्यायाम करतो, सूचना किती पाळतो आणि बदल कितपत स्वीकारतो. तेही केंद्रातल्या वर्तनापुरतेच. घरच्या व्यायामासाठी लंडनमध्ये तयार झालेली सहा विधानांची प्रश्नावली २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिचे एकूण गुण २४. मनगटावरचे यंत्र हालचाल टिपते, परंतु ती हालचाल बरोबर झाली की नाही, हे त्याला सहसा सांगता येत नाही.

चुकीच्या नोंदीने नुकसान होते ते असे. रुग्ण सुधारत नाही आणि तक्ता तर भरलेला आहे. मग उपचारतज्ज्ञ व्यायाम वाढवितात, किंवा उपचारच निरुपयोगी ठरवून बदलतात. न केलेल्या व्यायामाचा दोष केलेल्या निदानावर जातो. म्हणून आपल्या वस्तीत असा रुग्ण असेल, तर "व्यायाम करता ना?" असे विचारू नका. त्याला "हो" हेच उत्तर मिळते. "गेल्या आठवड्यात किती दिवस जमले नाही, आणि कशामुळे?" असे विचारा. एकदा करून दाखवावयास सांगा. दुखते म्हणून सोडला, विसरला, जागा नाही, की सुनेला सांगायचा संकोच वाटतो, हे कळले की पुढचा मार्ग तज्ज्ञांना सापडतो. रागावलात, तर पुढच्या वेळी तक्ता भरलेला मिळेल.

माझ्या बाबतीत बाई रागावल्या नाहीत. सहांपैकी चार व्यायाम त्यांनी खोडले आणि नवा कोरा तक्ता दिला. पुढच्या आठवड्यात मी तो तसाच, पाच रकाने रिकामे ठेवून, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ते मोजले आणि विचारले, "हे सगळे दौऱ्याचे दिवस का? मग त्या दिवसांचा व्यायाम सकाळी निघण्यापूर्वी ठेवू."