प्रार्थनामंदिर आणि त्याचा शेजार



चिखलीहून खामगावच्या वाटेला लागले की मध्ये अमडापूर येते. गावाचे नाव निघाले की पहिल्याने आठवण होते ती बल्लाळदेवीची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात श्रद्धेची ठाणी काही थोडीथोडकी नाहीत. शेगावला गजानन महाराजांचे संस्थान आहे, मेहकरकडे हिवरा आश्रम आहे, सैलानी बाबांचा दर्गा आहे. माणूस तिथे जातो तो आपले गाऱ्हाणे देवापुढे मांडायला. पण देवापुढून उठून तो परत येतो ते आपल्या गावात. म्हणून प्रत्येक श्रद्धास्थानाला एक प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे: बाबा रे, तुझ्या भिंतीच्या बाहेर जो शेजार आहे, त्याला तुझा उपयोग काय? शेगावच्या संस्थानाने या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यांनी दिले, अभियांत्रिकी महाविद्यालयाने दिले, हजारो सेवेकऱ्यांच्या हातांनी दिले. ते आपण डोळ्यांनी पाहतो.

आज हाच प्रश्न मला एका वेगळ्या घराला विचारायचा आहे. ते म्हणजे ख्रिस्ती मंडळींचे चर्च, आपल्या बोलीत देऊळ म्हणा की प्रार्थनामंदिर म्हणा. आपल्या भागात ही मंडळी थोडी. त्यामुळे पुष्कळांना चर्च म्हणजे रविवारची घंटा, नाताळचा तारा आणि पाद्रीसाहेब, एवढेच ठाऊक. आणि काहींच्या मनात शंकाही असते, की ही सेवा खरी की धर्म बदलायला लावण्याची वाट? ही शंका झाकून ठेवून बोलण्यात अर्थ नाही. तिला समोर बसवूनच बोलू या.

मापायला आपण दोन मापे घेऊ. पहिले माप असे, की जो प्रार्थनेला येत नाही त्यालाही सेवेचे दार तितकेच उघडे आहे काय? आणि दुसरे असे, की काम सुरू करणारा माणूस निघून गेल्यावर गावाच्या हाती काय उरते?

आधी आपल्या वऱ्हाडाचीच गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनचे काम अकोल्याकडे सुरू झाले. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा. जुन्या माणसांच्या तोंडी ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात तो हाच. आईबापांविना उरलेली मुले रस्त्यावर आली. मिशनने अकोला आणि खामगाव इथे अनाथाश्रम चालवून अशा मुलामुलींना आसरा दिला. त्यांतली कितीतरी मुले त्यामुळे जगली. हे ऋण मानलेच पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती मुले ज्या घरात वाढली त्या घराचा धर्म त्यांचा झाला. भुकेल्या लेकराला निवड कसली? ज्याच्या हाती भाकरी असते त्याच्या हाती मोठे बळ असते, आणि समोरच्याला 'नको' म्हणण्याची सोय नसते. म्हणून देणाऱ्याने, तो कोणत्याही धर्माचा असो, फार जपून द्यावे लागते. घेणाऱ्याची मान ताठ राहील असे द्यावे लागते.

आता दुसरे उदाहरण. ते शाळेचे आहे, तेव्हा गुरुजींनी जरा कान देऊन ऐकावे. सिंथिया फरार नावाच्या बाई 1827 मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या आणि पुढे 1839 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेल्या. तिथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलीने अक्षर गिरवले तर घर बुडते, असे मानणारा तो काळ! ही शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. पाहून ते काय झाले? ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी 1848 मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. त्यापुढचा इतिहास आपल्या शाळेतले पोरही सांगेल. मला वाटते, सेवेचे याहून गोड फळ नाही. फरारबाईंची शाळा पाहून दुसऱ्याच्या मनात शाळा उगवली, आणि ती त्याच्या स्वतःच्या मातीत वाढली.

भाषेचेही तसेच. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक नगरच्या मंडळींत राहिले तेव्हा त्यांनी पाहिले, की परक्या चालींवरची गाणी माणसाच्या काळजाला भिडत नाहीत. त्यांनी मराठी भजने रचली, कीर्तनाची परंपरा चर्चमध्ये नेली. ज्या शेजारात राहायचे त्याच्या बोलीत बोलायचे, ही साधी गोष्ट. पण तेवढ्याने परकेपणाची अर्धी भिंत खाली येते.

आता येऊ पाण्याकडे, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्या गोष्टी शेवटी विहिरीच्या काठावर येऊन थांबतात.

हर्मन बाखर नावाचे एक स्विस धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले. ते येशूसंघाचे. नगर जिल्ह्यात त्यांचे आयुष्य गेले. 1972 चा दुष्काळ त्यांनी तिथेच पाहिला. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, की धान्य वाटून यंदाची भूक भागते, पण पुढच्या वर्षीची भूक तशीच उभी असते. डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन वाहून जातो आणि गाव कोरडे राहते. तेव्हा पाऊस पडतो तिथेच त्याला अडवला पाहिजे. पाणलोटाचे हे काम त्यांनी हाती घेतले. जर्मनीची मदत आणि आपल्या नाबार्डचे साहाय्य त्यात आले, आणि 1993 मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या साथीने 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. ती संस्था चर्चची नव्हती. गावात एकही ख्रिस्ती घर नसले तरी काम होणार होते.

मात्र एक अट होती, आणि ती ध्यानात घेण्यासारखी आहे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. गावाने आपली पाणलोट समिती निवडायची आणि कामाचा हिशेब तिने पाहायचा. म्हणजे पाहुण्याने ताट वाढून द्यायचे नाही, चूल गावाने पेटवायची!

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचे उदाहरण घ्या. पर्जन्यछायेतले हे गाव. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि ऊसतोडीला नाही तर कुठे मजुरीला बाहेर जायचे, हा तिथला रिवाज. 1996 पासून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. वर डोंगराच्या उतारावर समतल चर खोदले, झाडे लावली. मध्ये वावरांना बांध घातले. खाली ओढ्यानाल्यांवर लहान बंधारे घातले. हा क्रम उलटा केला तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाच वर्षांत काम पुरे झाले. पूर्वी जिथे वर्षाकाठी तीन-चार महिने शेतीचे काम मिळे, तिथे ते नऊ-दहा महिने मिळू लागले.

पण हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. चराईबंदी म्हटल्यावर मेंढपाळ उठले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याचे वावर खाली आहे त्याच्या विहिरीला पाणी येणार, आणि ज्याला जमीनच नाही त्याच्या मेंढ्यांचे रान तेवढे बंद होणार. अशा वेळी हुकूम काढून भागत नाही. दरेवाडीत रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले, म्हणजे मेंढ्यांना काही भाग मोकळा राहिला. गावात बसून, बोलून, भांडून हा तोडगा निघाला. सेवेची खरी परीक्षा अशा बैठकीत होते. जो सर्वांत गरीब आहे त्याचे नुकसान कोण मोजतो, हे तिथे कळते.

बाखरबाबा 2021 मध्ये त्यांच्या मायदेशी वारले. ते गेले, पण चर आणि बांध इथल्या रानात राहिले. आपली दोन्ही मापे इथे लावून पाहा. दार सर्वांना उघडे होते, आणि काम गावाच्या हाती उरले.

श्रोतेहो, आपल्याकडेही असे घडलेले आहे, फक्त हात दुसरे होते. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तलावांतला गाळ काढण्याचे काम घेतले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ वाहून वावरात टाकला. जैन मंडळींनी गाळ काढला म्हणून त्या पाण्याला कोणी धर्म विचारला नाही. पाणी धुरा ओलांडताना मालकाची जात पाहत नसते.

तेव्हा अमडापूरसारख्या गावात चार घरांची का होईना, ख्रिस्ती मंडळी असोत, देवीचे पुजारी असोत, मशिदीचे विश्वस्त असोत, त्यांच्याकडून गावाने काय मागावे? मोठा पैसा मागू नये. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर जी खोली सहा दिवस कुलपात असते, ती संध्याकाळी शाळेच्या मुलांना अभ्यासाला द्यावी. घरी जागा नाही, दिवा नाही, अशी मुले प्रत्येक गावात असतात. श्रमदानाच्या दिवशी सर्व धर्मांच्या माणसांनी एकाच चरावर कुदळ मारावी. आणि आजारी, एकट्या, म्हाताऱ्या माणसाच्या दारी जायचे तेव्हा तो कुणाच्या पंक्तीतला हे न विचारता जावे. गाव करील ते राव काय करील, असे आपणच म्हणतो ना?

आणि गुरुजी, तुमच्यासाठी एक काम. यंदा पहिला मोठा पाऊस उघडला की सातवी-आठवीच्या मुलांना जवळच्या टेकाडावर न्या. पाणी कोठून निघते, कोणत्या वावरातून माती घेऊन जाते, कोणत्या ओढ्याला मिळते, हे त्यांना कागदावर काढायला सांगा. शाळेजवळच्या चार विहिरींचे पाणी दर महिन्याला दोरीने मापून वहीत लिहून ठेवा. तो नकाशा आणि ती वही घेऊन गावातल्या प्रत्येक श्रद्धास्थानाच्या मंडळींकडे जा आणि विचारा, "यात तुमचा हात कुठे लागेल?"

उत्तर काय मिळते ते ऐका, आणि ते मुलांनाही ऐकू द्या.