हात जोडणारा प्रेक्षक
(नाशिक येथे गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय 'मराठी संतपटांचा इतिहास' असा छापला आहे. इतिहास पुस्तकांत आहे आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांना तो पाठ आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, चित्रांचा कारखाना त्यांनी नाशिकला आणला, १९४४ साली देहही इथेच ठेवला, हे नाशिककरांना मी काय सांगायचं? प्रभात फिल्म कंपनीही तुम्हाला ठाऊक आहे. मला आज एकाच माणसाची बाजू मांडायची आहे. तो कुठल्याही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. पडद्यावर देव आला की हात जोडणारा प्रेक्षक, तो हा माणूस.

चित्रपटाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, 'लंकादहन'ची हकीगत सापडेल. साल १९१७. पडद्यावर प्रभू रामचंद्र आले की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत. मद्रासेकडून तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून आणाव्या लागल्या. (हशा.) बघा, आपण हसलो. ही हकीगत नेहमी अशीच सांगितली जाते आणि तिच्यावर नेहमी असंच हसतात. बिचारे भोळे लोक, पडद्यावरच्या सावलीला देव समजले! गेली अनेक वर्षं मी म्हणत आलो आहे की ते भोळे नव्हते. आज तेच पुन्हा म्हणणार आहे आणि पुराव्यानिशी म्हणणार आहे.

'लंकादहन'मधला राम कोण? अण्णा साळुंके. सीता कोण? तेही अण्णा साळुंकेच. मुंबईत एका हॉटेलात कामाला असलेला हा तरुण फाळक्यांनी उचलला आणि 'राजा हरिश्चंद्रा'त त्याला तारामती केलं. 'लंकादहना'त राम तोच, सीता तीच. एकच चेहरा दोघांना आहे, आणि सीतेचे दंड चांगले कमावलेले आहेत, हे न कळायला प्रेक्षक काय डोळे मिटून बसले होते? (हशा.) दिसत होतं सगळं. दिसत असून वहाणा काढल्या. त्यात कमीपणा कसला ते मला अजून समजलेलं नाही.

आता माझा मोठा पुरावा. 'कालियामर्दन', १९१९. याच शहरातल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचं चित्र. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची पोर. या चित्राचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. ज्यांना पाहता येईल त्यांनी पाहावा, आणि सुरुवात चुकवू नये. सुरुवातीला कृष्ण नाहीच. आधी मंदाकिनी येते. पाटी सांगते की या मुलीचे भाव पाहा. ती कॅमेऱ्याकडे बघून हसते, रुसते, रागावते, चेहरे करून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा वेष उमटतो आणि गोष्ट सुरू होते.

म्हणजे बाप प्रेक्षकांना आधीच सांगतो आहे की ही माझी लेक आहे, ही आता कृष्ण होणार आहे, नीट पाहून घ्या. लोकांनी पाहून घेतलं. आणि त्यानंतर कालियाच्या फण्यावर ती पोर नाचू लागली तेव्हा त्यांना कृष्ण दिसला. यात फसवणूक कुठे आहे? कोण कोणाला फसवतो आहे?

फाळके जादूचे प्रयोगही करत. आपलं आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. आणि ज्या वर्षी 'लंकादहन' आलं त्याच वर्षी त्यांनी आणखी एक छोटं चित्र काढलं, 'चित्रपट कसे तयार करतात'. स्वतःच्या कारखान्यातलं काम स्वतःच पडद्यावर मांडलं. एकीकडे लंका पेटवायची आणि दुसरीकडे चित्र कसं बनतं तेही दाखवायचं. हातचलाखी उघड करून दाखवणारा हा माणूस होता.

दुसऱ्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. वाचतो: 'आपल्या या म्हणण्याने अंधश्रद्धेला बळ मिळत नाही का? 'जय संतोषी माँ'चं काय?' चांगला प्रश्न आहे आणि विचारणाऱ्याचा मी आदर करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ज्या महाराष्ट्रात गोळ्या घालून मारलं, त्या महाराष्ट्रात हा प्रश्न कुणी हलक्याने घेऊ नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाजूने मी बोललो आहे, उद्याही बोलेन. पण बुवा आणि फाळके यांना एका पंगतीला बसवू नका. बुवा युक्ती लपवतो, कारण ती उघडी पडली तर त्याचं दुकान बंद होतं. फाळके आधी मंदाकिनी दाखवतात आणि मग कृष्ण. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका आरतीची ताटं घेऊन गेल्या, पडद्यावर नाणी उधळली, घरोघर शुक्रवारचे उपास सुरू झाले. तिथे पडद्याबाहेर नवसाचा हिशेब सुरू झाला. त्याची चिकित्सा अवश्य करा, कठोरपणे करा. फक्त थेटरात जोडलेले हात त्या हिशेबात ओढू नका. (मागून आवाज: 'पण सीमारेषा कुठली?') सीमारेषा पैशांची, साहेब. देव दाखवून तुमच्या आजाराचे, तुमच्या संकटाचे पैसे कोणी मागू लागला की ती ओलांडली गेली. तिकिटाच्या पैशांत फक्त खेळ मिळतो, हे तिकीट काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता प्रभातचा 'संत तुकाराम'. १२ डिसेंबर १९३६, मुंबईचं सेंट्रल सिनेमा. त्या एका थेटरात वर्षाच्या वर मुक्काम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकोबा झालेले पागनीस, तुकोबांची बायको आवली झालेली गौरी, संगीतकार केशवराव भोळे, ही नावंच पुरेशी आहेत, पुढे जातो.

पागनीसांच्या पाया लोक पडत. त्यांच्या छायाचित्राला हार घातला जाई असंही सांगतात. हे पागनीस तेच, ज्यांना लोकांनी रंगभूमीवर नऊवारीत पाहिलं होतं. चित्र दिग्दर्शित करणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव शेख फत्तेलाल. याच जोडीने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला, त्यातले ज्ञानेश्वर शाहू मोडक, नगरच्या ख्रिस्ती घरातले. ही नावं जाहिरातींत ठळक छापलेली असत, ती वाचून लोक आत जात आणि आत हात जोडत. एक उदाहरण मात्र माझ्या विरोधात जातं, तेही सांगतो. 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक गीत पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटलं. तिथे लोक चकले, हे खरंच. पण ते चकले कवीच्या ताकदीने, आणि त्याबद्दल आठवल्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत. (टाळ्या.)

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते निफाडकडच्या एका जत्रेत, तंबूत. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागत. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, मध्ये दोर. मी आजीच्या मांडीला टेकून बसलो होतो. इंद्रायणीत वह्या बुडवल्या, तुकोबा काठावर धरणं धरून बसले, आणि बरोबर तिथे रीळ संपलं. दिवे लागले. बाहेर डिझेल इंजिनाची धडधड. आजीने चंची सोडली, पानाला चुना लावला, शेजारणीला कांद्याचा भाव विचारला. ऑपरेटरला कोणी तरी 'आटप रे' म्हणून हाळी दिली. दिवे गेले, वह्या वर आल्या, आणि आजीचे हात, एका हातात पान तसंच धरलेलं, जोडले गेले.

शेवटी गरुडाचं विमान आलं तेव्हा तर अख्खा तंबू उभा राहिला. घरी जाताना बैलगाडीत मी विचारलं, आजी, ते विमान खरं होतं का गं? ती म्हणाली, खरं कसलं, लाकडाचं असणार, दोऱ्यांनी ओढलं असणार, पण दोऱ्या दिसू दिल्या नाहीत बाबा. मग मी विचारलं, तू हात का जोडलेस? तिने मला उत्तर दिलं नाही. ती आवलीबद्दल बोलत राहिली. तो गेला वैकुंठाला, हिच्या पदरात पोरं, आता ही काय करील, असं गाडी घरी पोचेपर्यंत.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ त्या बैलगाडीत आहे. आजीला दोऱ्या ठाऊक होत्या. तिला पुरतं कळत होतं की हे कुणी तरी रचलं आहे, आणि ज्याच्यासाठी रचलं आहे त्याला तिचा नमस्कार होता. आणि त्या चित्राचं मोठेपण असं की त्यात शंका घेणारं माणूसही आहे, तेही बरोबरीचं. पोर आजारी पडतं तेव्हा आवली चप्पल उगारून विठोबापुढे उभी राहते. तंबूतल्या बाया तेव्हाही रडत होत्या, आणि माझी खात्री आहे की त्या आवलीच्या बाजूने रडत होत्या. चमत्कार आणि चप्पल, दोन्ही एकाच प्रेक्षकाने आपली मानली.

देवापुढे उभं राहण्यावरून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण बसलो आहोत तिथून काळाराम मंदिर पायी काही मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले गेले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, तेही नाशिकला ठाऊक आहे. पाच वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही, आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढच्याच वर्षी 'संत तुकाराम' आला. ज्याच्या वह्या शूद्राने लिहिल्या म्हणून बुडवायला लावल्या, त्या माणसाची गोष्ट!

आता त्या सत्याग्रहाच्या तेरा वर्षं मागे जा, 'लंकादहना'कडे. थेटरात बसायची जागा खिशावर ठरत होती. खाली जमिनीवर बसणाऱ्याला तिकिटाच्या खिडकीवर पैसे विचारत, जात विचारत नसत. ज्यांना पंचवटीतला राम दाराबाहेरूनही नीट पाहता येत नव्हता, त्यांच्यातल्या कुणी आणे मोजून राम अगदी समोर, डोळे भरून पाहिला असेल. त्यानेही वहाणा काढल्या असतील, असल्या तर. (सभा स्तब्ध.) त्या माणसाच्या जोडलेल्या हातांवर आपण शंभर वर्षं हसत आलो आहोत. मला ते हसणं सहन होत नाही. तो राम कापडावरचा होता हे त्याला आपल्याहून जास्त चांगलं ठाऊक होतं, कारण दगडाचा राम त्याला कुणी पाहू दिला नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं म्हणताहेत. मला डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल ड्रायर याच्याबद्दल बरंच बोलायचं होतं, ते आता धावतं सांगतो. चित्र 'ओर्डेट', १९५५, त्याच व्हेनिसला सुवर्णसिंह मिळवलेलं. मूळ नाटक काय मुंक या पाद्र्याचं, त्याला नाझींनी १९४४ साली मारलं. घरातली सून बाळंतपणात जाते. स्वतःला ख्रिस्त समजणारा, सगळ्यांनी वेडा ठरवलेला दीर परत येतो, तिची लहान मुलगी त्याचा हात धरते, आणि शवपेटीतली बाई जिवंत होते. विमान नाही, दोऱ्या नाहीत, कॅमेऱ्याची करामतही नाही. एक नटी डोळे उघडते, एवढंच. आणि देवाधर्माशी देणंघेणं नसलेली शिकलीसवरलेली माणसं तिथे हुंदके देतात. त्यांना कोणी भोळं म्हणत नाही. त्यांना रसिक म्हणतात. आमच्या तंबूतल्या बाईलाही तोच शब्द लावा, एवढीच माझी मागणी आहे. (टाळ्या.)

शेवटची विनंती, आणि ती खरोखर कामाची आहे. 'संत तुकाराम' वर्षभर चालला ही नोंद आहे, पण पाहणाऱ्यांना नेमकं काय वाटलं याची नोंद फारच थोडी आहे. समीक्षकांनी लिहिलं, प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. आता ज्यांनी तो तंबूत, जत्रेत, पंचायतीच्या भिंतीवर पाहिला ती माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. कुठे पाहिला, कोणाबरोबर, तिकीट किती, हात कुठल्या प्रसंगाला जोडले आणि घरी जाताना काय बोलणं झालं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मोबाइलवर आवाज धरलात तरी चालेल. संयोजकांनी कागद जमा करायचं कबूल केलं आहे, पेटी डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे.