जुन्या जपानी खेळण्यांची झीज



व्याख्यानमालांच्या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून विमाधंद्यापर्यंत नाना विषय ऐकले असतील. खेळण्यांवर, आणि तीही परक्या देशातल्या मोडक्यातोडक्या खेळण्यांवर, बोलायला उभा राहिलेला वक्ता आपल्याला बहुधा प्रथमच भेटत असावा. तेव्हा प्रथम विषयाची गरज सांगितली पाहिजे.

असे समजा की, १९५० च्या दशकात टोकियोतल्या एका लहानशा कारखान्यात एकाच साच्यातून पत्र्याचे दोन यंत्रमानव निघाले. एक आपल्या खोक्यातून कधी बाहेर आलाच नाही. दुसरा एका मुलाच्या हाती पडला. तो जिन्यावरून घसरला, अंथरुणात झोपला, एका पावसात रात्रभर अंगणात राहिला. आज हे दोघे लिलावात शेजारी शेजारी मांडले, तर पहिल्याला दुसऱ्याच्या कित्येक पट किंमत येते. संग्राहक लोक अशा वस्तूंना १ ते १० असे गुण देतात. दहा गुण म्हणजे दुकानातून आणली तशीच्या तशी वस्तू. जसजसा मुलाचा हात लागत जातो, तसतसे गुण कमी होत जातात. म्हणजे ज्या कामासाठी ती वस्तू जन्माला आली, ते काम जितके अधिक झाले तितकी तिची पत घसरली! शाळा-मास्तरांनी न उघडलेल्या पुस्तकालाच पहिला नंबर द्यावा, तसा हा प्रकार. बाजाराचे हे गणित मी चूक म्हणत नाही. पण दुसऱ्या यंत्रमानवाचे जे गेले ते नेमके काय, आणि त्या बदल्यात त्याच्याजवळ काही आले की नाही, एवढे विचारायला हरकत नसावी.

यासाठी थोडे मागे, १९४५ सालात जावे लागेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. शहरे जळालेली, धातू युद्धाने गिळलेला. मात्सुझो कोसुगे नावाचे टोकियोतील एक खेळण्यांचे कारागीर तेव्हा बिवा सरोवराकाठच्या ओत्सू गावी येऊन राहिले होते. रस्त्यांवरून अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या धावत होत्या आणि त्याच सैन्याने खाऊन फेकून दिलेले रिकामे डबे जागोजाग पडले होते. कोसुगे यांनी ते डबे गोळा केले, धुतले, सपाट केले आणि त्या पत्र्यातून एक छोटी जीप घडवली. त्या वर्षीच्या डिसेंबरात क्योटोच्या एका मोठ्या दुकानात ती दहा येनला विकायला आली आणि लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. ज्यांच्याकडे खायला पुरेसे तांदूळ नव्हते, ते लोक मुलांसाठी, जेत्याच्याच डब्यातून केलेली जेत्याचीच गाडी विकत घेत होते. १९४७ पासून जपानी खेळणी पुन्हा परदेशी जाऊ लागली. १९५२ मध्ये परकी सत्ता उठेपर्यंत त्यांपैकी पुष्कळांच्या पोटावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे शब्द छापलेले असत.

त्या काळात जुन्या डब्यांपासून केलेले एखादे खेळणे उलटे करून पाहिले, तर आतल्या बाजूस मूळ डब्यावरची रंगीत छपाई आणि अक्षरांचे तुकडे दिसतात. बाहेरचा रंग जागोजाग उडालेला असला तर संग्राहक नाक मुरडतो. परंतु आतल्या त्या अर्धवट अक्षरांवरून त्या वस्तूची जन्मकथा वाचता येते, ती कोणत्याही कोऱ्या करकरीत रंगावरून वाचता येणार नाही.

आता हा पत्रा म्हणजे काय, ते पाहू. सभागृहातील गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांना जशी आपण कल्हई करतो, तशी लोखंडाच्या पातळ पत्र्याला कारखान्यातच केलेली कथिलाची कल्हई, म्हणजे हा पत्रा. तो सपाट असतानाच त्यावर लिथो पद्धतीने रंगीत चित्र छापतात. यंत्रमानवाची तबकडी, मोटारीचे दिवे, खिडकीतून डोकावणारा चालक, सगळे आधीच छापलेले. मग दाबयंत्राखाली घालून त्याला आकार देतात आणि कडेला ठेवलेल्या लहान लहान जिभा समोरच्या खाचेत घालून मागे वळवतात. डाख नाही, खिळा नाही. अशा जोडणीवर मासुदाया, नोमुरा, योनेझावा यांसारख्या टोकियोच्या उत्पादकांनी निम्मे जग आपल्या खेळण्यांनी भरले.

या कृतीतच झिजेचे सारे व्याकरण आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडला, तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला काही काळ सांभाळते. कथिलाची रीत निराळी. ओरखडा लोखंडापर्यंत गेला की उघडे पडलेले लोखंड उलट अधिकच वेगाने गंजते. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याला हाक मारता येते. इथे त्याला बोलावण्याची सोय नाही, कारण तो आला की चित्र गेलेच. आणि त्या जिभा! एकदा वळवलेली जीभ सरळ करून पुन्हा वळवली, की तिथला रंग तडकतो. तिसऱ्यांदा वळवली तर ती तुटून हातात येते. म्हणून जाणकार माणूस खेळणे हाती घेतले की चेहरा पाहण्याआधी त्याच्या बगला आणि पोट पाहतो. जिभांवर रेघा असतील, तर कोणीतरी आत शिरून गेले आहे हे त्याला तत्काळ कळते.

येथे मला झिजेचे तीन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. पहिली हाताची झीज. मूल मोटार नेहमी एकाच बाजूने धरते, म्हणून छपराच्या त्याच कडेचा रंग जातो. किल्ली फिरवताना बोट जिथे घासते, तिथे पत्रा चकाकू लागतो. दुसरी काळाची, किंवा स्पष्ट बोलायचे तर हेळसांडीची. माळ्यावरची ओल, खिडकीतले ऊन, आत विसरलेला सेल. तिसरी दुरुस्तीची; आणि माझ्या मते तिघींत हीच वाईट. हाताने घासलेल्या जागी नवा रंग फासला की खालचे जुने छापकाम कायमचे झाकले जाते आणि वर येते ते आजच्या कोणातरी हौशी माणसाचे ब्रशकाम. बाजारात अशा वस्तू ‘उत्तम स्थितीत’ म्हणून खपवणारे आहेत, आणि जुन्या खोक्यांच्या हुबेहूब नकला छापून आत मळकी खेळणी घालणारेही आहेत. झिजलेले खेळणे निदान खोटे बोलत नाही.

आता न झिजलेल्याची बाजू. त्याला मी अगदीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. अशा पुष्कळ वस्तू म्हणजे दुकानात न खपता राहिलेला माल. पण त्याच मालामुळे मूळ रंग कसा होता, खोक्यावर कोणते चित्र होते, हे आपल्याला आज समजते. या पत्र्याच्या खेळण्यांचा मोठा भाग परदेशांत, विशेषतः अमेरिकेत गेला होता. पुढे जपानी संग्राहकांनी आपल्याच देशात घडलेली खेळणी तिकडून परत विकत आणली. तेरुहिसा किताहारा यांनी १९८६ मध्ये योकोहामा येथे पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालय उघडले. शाबूत वस्तू नसत्या, तर असे संग्रहालय अर्धे मुके झाले असते. मात्र खोक्यातले म्हणजे सुरक्षितच, हा भ्रम नको. जुन्या सेलची बाहेरची वाटी जस्ताची असते. ती आतूनच खाल्ली जाते, मग क्षार बाहेर झिरपतात आणि पितळी पट्ट्यांपासून पत्र्यापर्यंत सगळे कुरतडतात. बाहेरून दहापैकी दहा गुण, आणि आत मात्र हिरवटपांढरी राख.

सेल्युलॉइडच्या बाहुल्यांची कथा याहून करुण. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून होणारा हा पदार्थ. तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात होते आणि तिथला कापूरही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापूर्वी या बाहुल्यांचा जपानमध्ये महापूर आला होता. त्या ठिणगीने भडकतात, अंगठ्याने दाबल्या की पोचा पडतो, आणि हात न लावता ठेवल्या तरी पिवळ्या पडून तडकतात. त्यांचे आम्ल वाफेसारखे बाहेर पडून शेजारच्या धातूच्या खेळण्यालाही गंजवते. त्यांच्या बाबतीत झीज कोणाच्या हातची, हा प्रश्नच उरत नाही.

याच्या अगदी उलट उत्तर जपानातील कोकेशी. आपल्याकडच्या कातारी लोकांप्रमाणे तिकडचे कारागीर चरकावर लाकूड फिरवून ही बिनहातापायांची बाहुली करतात, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणारे शेतकरी ती मुलांसाठी घरी नेत. मुली तिला पाठीशी बांधून आई-आई खेळत. फार जुन्या कोकेशी दुर्मिळ आहेत त्या यामुळेच. खेळून तुटल्या की चुलीत गेल्या. पुढे मोठी माणसे त्या शोभेसाठी जमवू लागली आणि कपाटात गेल्यावर त्यांना नवा शत्रू मिळाला, तो म्हणजे प्रकाश. जांभळा रंग लवकर उडतो, मग बाकीचे फिकटतात, आणि डोळे-नाक तेवढे काळ्या शाईचे शिल्लक राहते. चुलीच्या धुराने आणि हातांच्या तेलाने लाकडाला मधासारखी जी छटा येते, तिची मात्र तिथले दर्दी लोक वाखाणणी करतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, जपानी लोक झिजेचेच उपासक आहेत. नेगोरो नावाच्या लाखेच्या भांड्यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. काळ्या लाखेवर तांबडी लाख चढवलेली ही भांडी वापरून वापरून कडांना झिजतात, खालचा काळा रंग डोकावू लागतो, आणि त्या काळ्या-तांबड्याच्या खेळालाच सौंदर्य मानले जाते. दाखला खरा आहे, पण खेळण्याला तो जसाच्या तसा लागू करणे मला पटत नाही. भांडे वर्षानुवर्षे रोज सारखे पुसले जाते, म्हणून ते सारखे झिजते. मूल चार दिवस वेड्यासारखे खेळते आणि पाचव्या दिवशी विसरते. त्याची झीज धसमुसळी असते. एक कान गेलेला, दुसरा जसाच्या तसा. तिच्यात सौंदर्य शोधण्यापेक्षा मूल शोधावे हे बरे.

आणि ते सापडते. १९६६ साली जपानी दूरचित्रवाणीवर ‘अल्ट्रामॅन’ ही मालिका सुरू झाली, आणि त्याच सुमारास मारुसान या कंपनीने मऊ व्हिनाइलचे राक्षस बाजारात आणले. हातात पकडायला नरम, आतून पोकळ, अंगावर रंगाचे थोडे फवारे. पोरांनी त्यांच्या लढाया लावल्या; म्हणून नाकाची टोके, शिंगे, नखे आणि शेपटीची खालची बाजू यांवरचा रंग आधी गेला. शेजारीपाजारी अशीच खेळणी असल्याने अदलाबदल होऊ नये म्हणून पुष्कळांच्या तळपायावर शाईने मुलाचे नाव लिहिलेले आढळते. कधी आईच्या नीटस अक्षरात, कधी नुकत्याच लिहायला शिकलेल्या हाताने. आज विक्रीच्या वर्णनात ही गोष्ट दोषांच्या यादीत नोंदवतात: ‘तळपायावर नाव आहे.’ काही विक्रेते द्रावण लावून ती शाई पुसू पाहतात; ती व्हिनाइलमध्ये मुरलेली असल्यामुळे नीट जात नाही, आणि पुसण्याच्या भरात आसपासचा रंग मात्र जातो. मला कोणी निवड करायला सांगितले, तर कोऱ्या तळपायाचा राक्षस सोडून हा नावाचा राक्षस मी घेईन. त्या पोराने तो आपला आहे असे लेखी सांगून ठेवले आहे. आपण त्याच्यानंतरचे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांनी आणलेले एखादे किल्लीचे जपानी माकड किंवा मोटार माळ्यावर असेल, म्हणून जाता जाता दोन गोष्टी. आत सेल असला तर आजच घरी गेल्यावर काढावा. पाण्याने धुऊ नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. गंजावर रंग लावू नये. खिडकीतल्या उन्हात मांडू नये, आणि सेल्युलॉइडची बाहुली असेल तर ती दुसऱ्या खेळण्यांपासून वेगळी, मोकळ्या हवेत, समईपासून दूर ठेवावी. किल्ली फिरवून पाहण्याचा मोह होईलच. दोन फेरे द्यावेत, अधिक नकोत. इतक्या वर्षांच्या कमानीला तेवढे पुरे होतात.