अदलाबदल खेळाडूंची, सौदा काळाचा



व्याख्यानाच्या पत्रिकेत ‘हॉकी’ हा शब्द वाचून मेजर ध्यानचंदांच्या आठवणी ऐकायला मिळतील, या अपेक्षेनं कुणी आलं असेल, तर आधीच सांगून टाकतो. ही हॉकी हिरवळीवरची नाही, बर्फावरची आहे. कॅनडा आणि अमेरिकेत ती नॅशनल हॉकी लीगच्या छत्राखाली खेळली जाते. लीगची स्थापना १९१७ साली मॉन्ट्रियलमध्ये झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. हंगामात प्रत्येकाचे ऐंशीहून जास्त सामने होतात, मग बाद फेरी आणि शेवटी स्टॅनली चषक.

पण आज खेळाबद्दल मी थोडंच बोलणार आहे. मला बोलायचंय ते खेळाच्या भोवती बसून वाद घालणाऱ्या माणसांबद्दल. टोरांटोत, एडमंटनमध्ये, बॉस्टनमध्ये हिवाळाभर हा वाद चालू असतो. ‘याला द्या, त्याला घ्या, म्हणजे यंदा चषक आपला.’ तिकडे याला ट्रेड म्हणतात; खेळाडूंची संघासंघांमधली अदलाबदल. मार्चच्या सुरुवातीला तिची मुदत संपते आणि त्या दिवशी कॅनडातल्या क्रीडावाहिन्या सकाळपासून दुसरं काही दाखवतच नाहीत. कॅनडात अशा गप्पा ज्या कॉफीच्या दुकानांत रंगतात, त्या टिम हॉर्टन्सचं नावही एका हॉकीपटूचंच आहे. टिम हॉर्टन हा टोरांटो मेपल लीफ्सचा बचावपटू, १९६७च्या विजेत्या संघातला. १९७० साली खुद्द त्याचीही रवानगी अशाच एका व्यवहारात न्यूयॉर्कला झाली.

आधी या व्यवहाराचं व्याकरण पाहू. आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूची किंमत बहुतेक वेळा लिलावात रुपयांत ठरते. तिकडे ती प्रामुख्यानं दुसऱ्या खेळाडूत ठरते, किंवा अजून संघात न आलेल्या मुलात. दर उन्हाळ्यात नव्या मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यातली आपली पाळी संघ दुसऱ्याला देऊ शकतो. ‘पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची निवड’ ही तिकडची चलनी नोट आहे. त्या नोटेवर अजून कुणाचाही चेहरा छापलेला नसतो.

दुसरा नियम पैशांचा. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेचं भांडण विकोपाला गेलं आणि २००४-०५चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यातून पगाराची कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६च्या हंगामात ९ कोटी ५५ लाख. त्या दिवसापासून चाहत्याचा हिशेबनीस झाला. कुणाचा पगार किती, करार कधी संपतो, पाठवणारा संघ पगाराचा निम्मा भार स्वतः उचलेल का, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. कुणाच्या करारात ‘मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवता येणार नाही’ असं कलम आहे, हेही तो सांगतो.

तिसरा नियम जागेचा, आणि चाहते सगळ्यात जास्त विसरतात तो हाच. संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात, आणि सामन्याला उतरतात २०: अठरा खेळाडू आणि दोन गोलरक्षक. चाहत्याचा आवडता प्रस्ताव मात्र ठरलेला असतो. आपले तीन बरे खेळाडू द्यायचे आणि त्यांचा एक थोर खेळाडू घ्यायचा. दारावर आलेल्या बोहारणीपुढे विटक्या साड्यांची चळत मांडून मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवावं, तसंच हे. बोहारीणही साड्या उलगडून बघते आणि मान हलवते. आणि तिच्या गाठोड्यात तर जागा तरी असते. समोरच्या संघाकडे तीही नसते. तीन मध्यम खेळाडू मिळून एक थोर खेळाडू होत नाही, कारण त्या एकाच्या जागी एका वेळी एकालाच बर्फावर उतरता येतं.

इतकं व्याकरण पुरे. आता मुद्द्याकडे येतो. माझं म्हणणं असं, की या वादात खेळाडूंची नावं घेतली जातात, पण देवघेव होते ती काळाची. चषकाच्या जवळ पोहोचलेला संघ आपलं उद्या विकून आज विकत घेतो. गाळात गेलेला संघ आज विकून उद्या घेतो. आणि एकाच संघाचे दोन चाहते एकाच प्रस्तावावरून भांडतात, ते बहुतेकदा खेळाडूच्या गुणांवरून नव्हे. आपल्या संघाच्या घड्याळात किती वाजलेत, यावर त्यांचं एकमत नसतं.

घड्याळ अचूक वाचल्याचं उदाहरण आहे १९८०चं. न्यूयॉर्क आयलँडर्स हा १९७२ साली लीगमध्ये आलेला संघ. १९७८-७९च्या साखळीत सर्वांत वर होता, पण बाद फेरीत कच खात होता. १० मार्च १९८० रोजी व्यवस्थापक बिल टोरी यांनी लॉस एंजेलिसकडून बुच गोरिंग हा मधल्या फळीचा खेळाडू आणला. त्याच्या बदल्यात दोघे गेले, बचावपटू डेव्ह लुईस आणि बिली हॅरिस. हॅरिस हा आयलँडर्सनी ड्राफ्टमध्ये निवडलेला अगदी पहिला मुलगा. गोरिंग आल्यावर साखळीतल्या उरलेल्या बारा सामन्यांपैकी एकही संघ हरला नाही, आणि मे महिन्यात चषक जिंकला. पाठोपाठ आणखी तीन वर्षं जिंकला. तेव्हापासून प्रत्येक मार्चमध्ये प्रत्येक शहरातला चाहता आपला गोरिंग शोधत असतो. हॅरिसची आठवण मात्र फार थोड्यांना असते. सुरुवातीची कठीण वर्षं ज्यानं काढली, त्याला चषकाच्या जेमतेम अडीच महिने आधी दुसऱ्या किनाऱ्यावर जावं लागलं.

आता घड्याळ चुकीचं वाचल्याचं उदाहरण. टोरांटोनं १९६७ नंतर चषक पाहिला नव्हता. सप्टेंबर २००९मध्ये व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी बॉस्टनकडून फिल केसल हा तरुण, वेगवान गोलंदाज घेतला. गोलंदाज म्हणजे इथे गोल करणारा, गैरसमज नको. बदल्यात पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक दिली. केसल वाईट नव्हता. पहिल्याच वर्षी त्यानं ३० गोल केले. पण भोवतीचा संघ तयार नव्हता. टोरांटो तीस संघांत एकोणतिसावा आला, आणि त्यामुळे दिलेली निवड ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची निघाली. बॉस्टननं तिच्यातून टायलर सेगिन घेतला, पुढच्या वर्षीच्या निवडीतून डुगी हॅमिल्टन. २०११ साली बॉस्टन चषक जिंकलं, तेव्हा सेगिन त्या संघात होता. केसललाही चषक मिळाला, २०१६ आणि २०१७ साली, पण पिट्सबर्गकडून. माल खरा होता, भावही समजण्यासारखा होता. फक्त टोरांटोची वेळ झालेली नव्हती.

याच्या उलटी चूकही आहे. बर्क यांच्या आधी, २००६ साली, टोरांटोनं टुका रास्क हा तरुण फिनिश गोलरक्षक बॉस्टनला देऊन अँड्र्यू रेक्रॉफ्ट हा अनुभवी म्हणावा असा गोलरक्षक घेतला. रेक्रॉफ्ट दोन हंगाम टिकला. रास्क मात्र २०१३, २०१८ आणि २०१९ अशा तीन निर्णायक सातव्या सामन्यांत टोरांटोच्याच समोर उभा राहिला आणि तिन्ही वेळा बॉस्टन जिंकलं. गोलरक्षक पिकायला वेळ लागतो. धीर नसलेल्या संघानं कच्चं फळ शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं.

पण ‘उद्या’ राखून ठेवणारा नेहमी शहाणा ठरतो, असंही नाही. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑयलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी वेन ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला देऊन टाकला. पाच वर्षांत चार चषक आणणारा, हयातीतच आख्यायिका झालेला माणूस. पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरलं नाही. नेल्सन रीस या खासदारांनी सरकारनं हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली आणि पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळला गेला. बदल्यात एडमंटनला जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि दीड कोटी डॉलर मिळाले.

चाहत्यांनी त्या दिवशी निकाल लावला: लूट झाली. मग काय घडलं? कार्सनचं मन एडमंटनमध्ये रमलं नाही, त्याला डेट्रॉइटला पाठवलं. तिकडून जो मर्फी, अ‍ॅडम ग्रेव्हज आणि पेत्र क्लिमा आले. मर्फी, ग्रेव्हज आणि जेलिना यांची तरुण फळी १९९०च्या बाद फेरीत गाजली. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात तिसऱ्या जादा सत्रात विजयी गोल केला तो क्लिमानं. एडमंटननं ग्रेट्झ्कीशिवाय पाचवा चषक उचलला आणि ग्रेट्झ्कीला त्यानंतर एकही मिळाला नाही. तरी एडमंटनच्या माणसाला ‘हिशेब जमला की’ असं सांगून पाहा! तो ऐकून घेईल आणि मान्य करणार नाही. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. चषकाचा हिशेब जमला, पण त्या माणसाला आपल्या गावात म्हातारं होताना पाहण्याचा हक्क विकला गेला होता, आणि त्याची भरपाई कोणत्याही फेरीच्या निवडीत होत नाही.

याहून कडवट गोष्ट क्वेबेक शहराची. १९९१ साली क्वेबेक नॉर्डिक्सनी एरिक लिंड्रोसला पहिल्या क्रमांकावर निवडलं. तो यायला तयारच नव्हता. वर्षभरानंतर क्वेबेकनं त्याला फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या दोघांनाही कबूल केलं! प्रकरण लवादाकडे गेलं आणि फिलाडेल्फियाच्या बाजूनं लागलं. बदल्यात पीटर फोर्सबर्गसह अर्धा डझन खेळाडू, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दीड कोटी डॉलर आले. क्वेबेकच्या चाहत्यानं पदरात पडलेलं हे ‘उद्या’ जपलं, हरलेले सामने सोसले. आणि १९९५ साली संघच उचलून अमेरिकेत डेन्व्हरला नेण्यात आला. त्याच डिसेंबरात मॉन्ट्रियलचा महान गोलरक्षक पॅट्रिक रॉय, घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून ११-१ अशी धूळ चाटल्यावर आणि नऊ गोल होईपर्यंत बदली न मिळाल्यावर, रागावून निघाला तो डेन्व्हरला गेला. त्याच्या बदल्यात मॉन्ट्रियलला मिळालेला जोसलीन तिबो हा लिंड्रोसच्या व्यवहारातल्या निवडीतूनच आलेला. जून १९९६मध्ये चषक डेन्व्हरला आला. क्वेबेकनं पेरलं आणि अडीच-तीन हजार किलोमीटरवरच्या शहरानं कापलं.

या कथेत काळ कुणाकुणाचा वेगळा चालतो, ते बघा. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी. व्यवस्थापकाची मुदत त्याहून कमी. बर्क यांना जानेवारी २०१३मध्ये पद सोडावं लागलं, त्यांच्या व्यवहाराची फळं टोरांटो नंतरही भोगत राहिलं. मालकाचा काळ त्याच्या बँकेच्या खात्यावर ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहतो तो फक्त चाहता. म्हणजे लांबचं बघण्याचं कारण सगळ्यात जास्त त्यालाच आहे, आणि सगळ्यात उतावीळही तोच! मार्च आला की वडिलांनी चषक न पाहता डोळे मिटले हे त्याला आठवतं, आणि मुलाच्या वाट्याची निवड तो टेबलावर फेकतो.

निकाल लावण्यातही हाच उतावीळपणा दिसतो. २९ जून २०१६ रोजी मॉन्ट्रियलनं पी. के. सुबानला नॅशव्हिलला दिलं आणि शे वेबरला घेतलं. ज्यानं आदल्या वर्षी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयासाठी एक कोटी डॉलर उभे करण्याचा शब्द दिला, तो सुबान. शहर हळहळलं. २०१७ साली सुबानचं नॅशव्हिल अंतिम फेरीत गेलं, तेव्हा ‘आम्ही सांगत होतो’ असं म्हणणाऱ्यांना जोर चढला. २०२१ साली वेबरच्या नेतृत्वाखाली मॉन्ट्रियल अंतिम फेरीत गेलं, तेव्हा दुसऱ्या बाजूला. चषक दोघांनाही मिळाला नाही. मग जिंकलं कोण?

आपल्याकडेही हे वारं आलं आहे. २०२३च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परतला, डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, आणि २०२४मध्ये वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. मुंबईकरांना हार्दिकच्या गुणांबद्दल शंका नव्हती. रोहितचा काळ संपला, हे त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी परस्पर ठरवलं, याचा तो राग होता. त्याच वानखेडेवर जुलैमध्ये, विश्वचषक आल्यावर, हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत खेळाडू बदलला नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘याला द्या, त्याला घ्या’ म्हणालं, तर आकडेवारी काढण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. आपला संघ आज जिंकण्याच्या किती जवळ आहे? आणि हाच प्रस्ताव समोरच्या संघाचा चाहता म्हणून तुझ्यापुढे आला असता, तर तू हो म्हणाला असतास का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे देणं व्यवस्थापकाला परवडत नाही, कारण ‘अजून पाच वर्षं लागतील’ असं म्हणणाऱ्याची खुर्ची पाच वर्षं टिकत नाही. चाहत्याची नोकरी मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही. खरं बोलणं परवडणारा या सगळ्या व्यवहारात तो एकटाच आहे. त्यानं ते बोलावं, इतकंच माझं मागणं.