थकलेला डॉक्टर आणि आपण

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



बकरी ईदच्या दिवशी रक्तदान करणारे बरेच कार्यकर्ते इथे बसले आहेत. दवाखाना आपल्याला परका नाही. म्हणूनच आज अतिदक्षता विभागातल्या, म्हणजे आयसीयूतल्या डॉक्टरांविषयी बोलतो. ते थकत आहेत आणि थकून हे काम सोडत आहेत.

याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून. त्याच्या खुणा तीन : शक्ती संपणं, कामापासून मनाने तुटणं आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं. तेव्हा दोष डॉक्टरच्या स्वभावात शोधू नका, कामाच्या रचनेत शोधा.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला सलग बारा तासांपेक्षा जास्त काम नको आणि आठवड्याला एक सुट्टी हवी, असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. बत्तीस वर्षांनंतर मागणी पुढे जायला हवी होती, ती मागे आली!

आयसीयूतला अनुभवी डॉक्टर गेला की त्याच्या रात्रपाळ्या उरलेल्यांच्या वाट्याला येतात. मग त्यांच्यातलाही एखादा जातो. रुग्णाची नस ओळखणारा माणूस बदलतो आणि नातेवाइकांना पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारावं लागतं. नुकसान शेवटी आपलंच.

पण तास कमी झाले तरी एक ओझं उरतं. रुग्ण बरा होणार नाही हे डॉक्टरला कळलेलं असतं, तरी व्हेंटिलेटर चालू असतो. घरचे दागिने गहाण पडतात. थोरला मुलगा म्हणतो थांबवा, धाकटा म्हणतो चालू ठेवा आणि चुलते म्हणतात, लोक काय म्हणतील? उपयोग नाही हे माहीत असलेले उपचार रोज स्वतःच्या हाताने करत राहणं माणसाला आतून पोखरतं.

इथे आपल्या हातात काहीतरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. आपण शुद्धीत नसू तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावं, तेही त्यात लिहिता येतं. उपचार थांबवायचे की नाही हे त्यानंतरही डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. कागद आहे म्हणून कोणी घाईने नळी काढत नाही.

आपल्या बहिणींसाठी हा कागद जास्त मोलाचा आहे. घरातल्या बाईवर कोणते उपचार करायचे, हे बहुतेक वेळा पुरुषांच्या बैठकीत ठरतं. तोंडी तलाकविरुद्ध लढताना आपण म्हणत होतो की तिच्या आयुष्याचा निर्णय तिला विचारूनच व्हावा. तो हक्क आयसीयूच्या दारात का संपावा?

काही जण विचारतील, हे इस्लाममध्ये चालतं का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान इथल्या अधिवेशनात मेंदूमृत्यू मान्य केला आणि अशा वेळी उपकरणं काढायला परवानगी दिली. मेंदूमृत्यू आणि बरा न होणारा आजार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण यंत्र काढण्याचा नुसता विचारही गुनाह आहे, ही भीती तरी मनातून जावी.

बिलाचा हिशोब मागणं हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नका. हात उगारणं हा हक्क नाही. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मार खाल्लेला डॉक्टर पुढच्या वेळी अवघड रुग्ण घ्यायला कचरतो, आणि तो रुग्ण आपल्याच मोहल्ल्यातला असू शकतो.

म्हणून तीन कामं सांगतो. रुग्ण आयसीयूत असेल तेव्हा डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावं. सरकारी रुग्णालयांतल्या रिक्त जागांचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न आपल्या निवेदनांत यावा. आणि पुढच्या रक्तदान शिबिरात इच्छापत्राचं एक टेबल लावू. पहिले अर्ज आपण कार्यकर्ते भरू, घरच्यांना शेजारी बसवून.