पलीकडच्या काठावरून

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, आणि "नुसत्या आठवणी सांगू नकोस, त्या सगळेच सांगणार आहेत," अशी तंबीही दिली आहे. म्हणून एकच आठवण सांगतो आणि कामाचं बोलतो.

नववीत भूगोलाच्या सरांनी मला फळ्यावर घोड नदी काढायला उभं केलं होतं. मी आहुप्याच्या डोंगरातून एक रेघ काढली आणि ती नेऊन भीमेला जोडली. सर म्हणाले, "रेघ बरोबर आहे. पण नदीला दोन काठ असतात. ते कुठं गेले?" सगळा वर्ग हसला. पुढं मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि चौतीस वर्षं पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात रेघाच ओढल्या. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला निवृत्त झाल्यावर सापडलं.

नोकरीतल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडं एकाच तऱ्हेची कामं जास्त येऊ लागली. शहरातला माणूस कुठंतरी धरणाच्या नाहीतर नदीच्या काठाला जमीन घ्यायचा आणि म्हणायचा, "बंगला असा काढा की प्रत्येक खोलीतून पाणी दिसलं पाहिजे." मग आम्ही तो काठाच्या अगदी टोकाला सरकवायचो. उंची वाढवायचो, समोर पूर्ण काच, वर गच्ची, पांढरा रंग. मधे येणारी जांभळं, करंज नकाशावर "काढणे" म्हणून दाखवायचो. तो शब्द मी कितीदा लिहिला असेल, याचा हिशेब नाही. काम चोख होतं, मालक खूश असायचे. त्या घरातून नदी कशी दिसते हे मी शेकडो वेळा काढलं. नदीवरून ते घर कसं दिसतं हे एकदाही काढलं नाही. कुणी विचारलंच नाही.

मग पाळी माझ्यावर आली. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, आमची एक एकरभर जमीन नदीकडंला आहे. आईच्या वाट्यानं आलेली. निवृत्तीचे पैसे आले तसं धाकट्या भावानं आणि माझ्या मुलानं ठरवलं की तिथं दोघांत मिळून घर बांधायचं. नकाशा अर्थातच मी काढला. तळमजला, वर दोन मजले, नदीकडं तोंड. इतकी वर्षं दुसऱ्यांचे बंगले काढले, आता स्वतःचा, या हौसेनं काढला.

आखणीच्या दिवशी उंचीचा अंदाज यावा म्हणून गच्चीच्या उंचीएवढे दोन बांबू एकाला एक बांधून उभे केले आणि टोकाला लाल फडकं लावलं. भाऊ म्हणाला, "दादा, बंधाऱ्यावरून कसं दिसतं बघून ये की." मी बंधाऱ्यावरून पलीकडं गेलो. ढापे टाकलेले होते, पाणी तुंबून अगदी वरपर्यंत आलं होतं. लहानपणी मामाबरोबर बैल धुवायला यायचो तीच जागा. वळून पाहिलं तर आमच्या काठाची सगळी झाडं एका ओळीत होती. करंज, उंबर, मधे वाळुंजाची झुडपं. आणि त्यांच्या कितीतरी वर, आभाळात, ते लाल फडकं. शेजारी एक म्हातारी माउली धुणं धूत होती. तिनं विचारलं, "टावर हुतोय का रं बाबा?"

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री नकाशा परत काढायला बसलो.

आता थोडं कायद्याचं सांगतो, कारण तुमच्यातले बरेचजण म्हणतील, हे बघायला सरकार आहे की. नदीला दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. या रेषा आपला जीव वाचवण्यासाठी आहेत. पाणी कुठवर येईल ते त्या सांगतात, काठ कसा दिसेल ते नाही. महाराष्ट्रानं २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा, हे त्यात ठरवलेलं होतं. २००९ मध्ये ते सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्दच झालं. त्याचाही भर प्रदूषणावर होता.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यामुळं तिथं बांधकामावर बरीच बंधनं आहेत. आपल्या वरच्या अंगाला भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे. पण डिंभ्याच्या धरणाखाली उसा-कांद्यातून वाहणारी आपली घोड ही कुणाच्या लेखी पर्यटनस्थळ नाही. तिचा काठ राखायला वरून कुणी येणार नाही.

असं दृश्य राखता येतं का? येतं. लंडनजवळ रिचमंड नावाची टेकडी आहे, तिथून थेम्स नदीचं वळण दिसतं. समोर घरं उठणार असं दिसलं तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि १९०२ साली तिथल्या पार्लमेंटनं कायदा करून ते दृश्य राखलं. अमेरिकेनं १९६८ मध्ये नद्यांसाठी कायदा केला, त्यात पाण्याबरोबर दोन्ही काठांची पट्टीही धरली. म्हणजे जे भूगोलाचे सर आम्हाला फळ्यापाशी सांगत होते, तेच.

मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, "तू पुण्यात राहिलास, आता आम्हाला बांधू नका म्हणतोस." अजिबात नाही. घर सगळ्यांनी बांधावं, चांगलं बांधावं. आणि ज्यांनी नदीकडंची जमीन विकली त्यांनाही मी नावं ठेवत नाही. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली की काय होतं, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल. दुसरी गोष्ट बिबट्याची. नदीकाठी झाडी ठेवायची म्हणजे बिबट्याला जागा करून द्यायची का? आपल्याकडं ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण बिबट्या आपल्या भागात मुख्यतः उसात राहतो. घराभोवतीचं अंगण साफ ठेवा, गोठा बंदिस्त करा, दिवे खाली जमिनीकडं लावा. त्यासाठी काठावरचा उंबर तोडावा लागत नाही आणि रात्रभर नदीवर फ्लडलाइटही सोडावा लागत नाही.

आमच्या घराचं काय झालं ते सांगतो. घर काठापासून मागं, जुन्या विहिरीजवळ घेतलं. एकच मजला, वर उतरतं छप्पर, रंग मातकट. बांबू पुन्हा उभे केले, पलीकडं जाऊन पाहिलं, फडकं झाडीच्या खाली गेलं होतं. मुलगा नाराज झाला. "बाबा, मग नदीकाठी जमीन असून उपयोग काय?" म्हणाला. त्याच्यासाठी उंबराखाली दगडी ओटा बांधला. भावाची समजूत अजून पुरती पटलेली नाही. वरच्या मजल्याचं सळईचं काम तरी सोडून ठेवायला हवं होतं, असं तो अजून म्हणतो. तो समोरच बसलाय, हसतोय, म्हणजे जेवताना मला ऐकावं लागणार.

आता मागणं. आपल्या बॅचमधल्या निदान पंधराजणांची जमीन घोड किंवा मीना नदीला लागून आहे. कुणी सरपंच होऊन गेलंय, कुणी बांधकाम ठेकेदार आहे, कुणाचा मुलगा इंजिनिअर आहे. तेव्हा तुमच्यापुढं चार गोष्टी ठेवतो. बांधण्याआधी बांबू उभा करा आणि पलीकडच्या काठावरून स्वतः बघा, याला एक फडकं आणि एक सकाळ एवढाच खर्च आहे. घर झाडांच्या उंचीच्या आत आणि काठापासून मागं ठेवा. जमीन विकावी लागलीच आणि शेजारचा तुकडा तुमच्याकडंच राहणार असेल, तर काठाची पट्टी मोकळी ठेवण्याची अट खरेदीखतात घालता येईल का, हे वकिलाला विचारा. आणि ग्रामसभेत विषय काढा. ठरावानं कुणाचा बंगला थांबेलच असं नाही, पण जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. काठावरची जुनी झाडं, पाणवठे, घाट त्यात लिहून घ्या. लिहिलेलं नसतं ते कधी गेलं हेही कळत नाही.

आपल्या तालुक्याला ज्या आंबेगावाचं नाव आहे, ते जुनं गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. ते धरणासाठी गेलं आणि त्या पाण्यावर आपली शेती उभी राहिली. तो त्याग मोठ्या कारणासाठी होता. नदीचा काठ मात्र आपण कुणाच्या गच्चीसाठी घालवू नये, एवढंच मला वाटतं.

उद्या सकाळी सात वाजता मी बंधाऱ्यावर जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी शाळेच्या फाटकाशी जमा. चहा माझ्याकडून, उंबराखालच्या ओट्यावर. सरांची तब्येत बरी असेल तर त्यांनाही गाडीतून नेऊ. त्यांना दोन्ही काठ दाखवायचे राहिलेत.