प्रश्नानंतरची शांतता
“शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केव्हां झाला?” असें वर्गांत विचारलें कीं “१६७४” हें उत्तर तत्काळ येतें आणि विचार तेथेंच संपतो. “राज्य हातीं असतांना महाराजांस राज्याभिषेकाची आवश्यकता कां भासली असेल?” असें मीं एकदां विचारलें. वर्ग स्तब्ध झाला. ती शांतता मला सोसवेना; मींच उत्तर सांगून टाकलें. मुलांनीं तें मुकाट्यानें वहींत उतरून घेतलें. खुला प्रश्न मींच बंद केला होता.

अमेरिकेंतील संशोधिका मेरी बड रो यांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें कीं, प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरें दीर्घ व सकारण होतात.

घरींही मुलांस ‘कां’ असें अवश्य विचारावें आणि मग आपण गप्प बसावें. तेवढ्या वेळांत मूल विचार करीत असतें.